बर्फात स्पोर्ट्स कार चालवल्यावर डॅशबोर्डवर एकदम चार सूचना: कारण एकच की चार वेगवेगळी?

सह्यकडा
नमस्कार मंडळी,

मी ग्रँड रॅपिड्सला, म्हणजे पश्चिम मिशिगनमध्ये असतो. गाडी दोन दारांची स्पोर्ट्स कार, सहा गिअरची मॅन्युअल, ताकद मागच्या चाकांना. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा 'तुमची कंपनी की आमची' याच्यावरच जाईल. हिवाळ्यासाठी वेगळे रिम आणि चारही विंटर टायर आहेत, त्यामुळे टायरवरून ओरडू नका.

लेक मिशिगनवरून लेक-इफेक्ट बर्फ (तळ्यावरून येणाऱ्या थंड वाऱ्याने पडणारा) आला की इथे तासाभरात रस्ता गायब होतो. काल संध्याकाळी इथल्याच हॉलंड गावाहून येताना तसंच झालं. हायवे कसाबसा पार पडला, पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी बर्फ सारणाऱ्या ट्रकने रचून ठेवलेल्या ढिगात गाडी पोटावर बसली. पुढे-मागे करत, मागची चाकं गरागरा फिरवत बाहेर काढली. तेव्हापासून डॅशबोर्डवर हे आहे:

एबीएसचा, म्हणजे ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा. घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेला पिवळा दिवा, लुकलुकत नाही, सतत पेटलेला. टायरच्या हवेचा दिवा. आणि 'पुढचं रडार झाकलं गेलं आहे, क्रूझ उपलब्ध नाही' असा संदेश.

लाल दिवा एकही नाही. ब्रेक पायाला नेहमीसारखा लागतो. रात्रभर गाडी बाहेरच होती, तापमान उणे ११. आज सकाळी हायवेवर ५० मैलांच्या पुढे गेलो की स्टिअरिंग चांगलंच थरथरत होतं, हे नवीन. गाडी बंद करून पुन्हा चालू केली तरी दिवे तसेच.

डीलरची तारीख पुढच्या आठवड्यातली मिळाली आहे. तोवर चालवू का? माझ्याकडचं साधं कोड रीडर (गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) 'एकही कोड नाही' म्हणतंय. मग दिवे कशाचे?

निवांत
लाल नाही ना? मग आधी गाडी कुठल्यातरी गरम जागेत उभी करा आणि सगळा बर्फ वितळू द्या. हीटिंग असलेलं पार्किंग मिळालं तर एक रात्र पुरे. बाकी जाणकार येतीलच.

कोकणकर
इथे रत्नागिरीत पंखा पाचवर आहे. तुमचं उणे ११ वाचून चारवर केला. वाचतोय, लिहीत राहा.

चाकोरी
सह्यकडा, डेट्रॉइटच्या बाजूला ब्रेक सिस्टीमच्या टेस्टिंगमध्ये बरीच वर्षं आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागीच घसरत फिरू न देणारं) आणि स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी भरकटू न देणारं) ही तीन नावं असली तरी तिघांचा जीव चाकाच्या वेगाच्या सेन्सरमध्ये असतो. प्रत्येक चाकाच्या हबपाशी एक सेन्सर, त्याच्यासमोर फिरणारं दातेरी किंवा चुंबकीय कडं, मध्ये जेमतेम मिलिमीटरभर फट. कंट्रोल युनिट चारही चाकांचे आकडे सतत ताडून बघतं. चार खांद्यांवरच्या पालखीत एक खांदा खचला तर आधी पालखी टेकवतात, कोण चुकलं ते नंतर बघतात. युनिटही तेच करतं: एका चाकाचा आकडा पटला नाही की तिन्ही कामं थांबवून दिवे लावतं. म्हणून एकदम दोन-तीन दिवे दिसले की घाबरायला होतं, पण मूळ बऱ्याचदा एकच निघतं.

तुमच्या बाबतीत आकडे न पटायला कारणं आहेत. गाडी अडकली तेव्हा मागची चाकं पळत होती आणि पुढची जागच्या जागी. हे बराच वेळ चाललं की काही गाड्यांचं युनिट 'पुढचे सेन्सर मेले' असं समजून कोड नोंदवतं. हे खरं कारण असेल तर गाडी बंद-चालू करून १५-२० मैलांच्या वेगाने सरळ थोडं अंतर गेलात की स्वतःची तपासणी करून ते दिवे विझवतं. तुमचे विझले नाहीत, त्यामुळे मला हे एकटं कारण वाटत नाही.

दुसरं, ट्रॅक्शन कंट्रोल घसरणाऱ्या चाकाचा ब्रेक दाबून काम करतं. सतत दाबलं की ब्रेक तापतात, आणि ते जपायला सिस्टीम थोडा वेळ स्वतःला बंद करते. पण हा दिवा ब्रेक थंड झाले की जातो. रात्रभर उणे ११ मध्ये थंड व्हायला काही शिल्लक राहिलं नसणार.

तिसरं, हबभोवती आणि चाकाच्या कमानीत दाबून बसलेला बर्फ. रात्री त्याचा दगड झाला. तो सेन्सरच्या वायरला ओढतो, क्लिप तोडतो, कधी सेन्सरच हलवतो. माझा संशय इथे आहे.

स्टिअरिंगची थरथर बहुतेक रिमच्या आतल्या बाजूला चिकटलेल्या बर्फाची. एका बाजूला पाव किलो बर्फ धरला तरी चाकाचा तोल गेला. बाहेरून काही दिसत नाही, हात आत घालून बघा.

आता चालवायचं का? फक्त पिवळा एबीएस असेल तर साधे ब्रेक चालू असतात. पण निसरड्यावर जोरात दाबलात तर चाकं लॉक होणार आणि गाडी तिला वाटेल तिकडे जाणार, स्टॅबिलिटी कंट्रोलही सांभाळायला येणार नाही. मागच्या चाकांवर ताकद असलेल्या गाडीत हे हलक्यात घेऊ नका. कोरड्या रस्त्यावर हळू, अंतर ठेवून चालेल. पुन्हा बर्फ पडला तर गाडी घरी ठेवा. आणि पिवळ्या एबीएसच्या जोडीला लाल ब्रेकचा दिवा आला तर तिथेच थांबा, टो करा. तेव्हा मागच्या-पुढच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणाही गेलेली असू शकते, आणि मग मागची चाकं आधी लॉक होतात.

पितळी_दरवाजा
चाकोरी, दंडवत. हा प्रतिसाद साठवून ठेवला.

विदर्भकन्या
एक शंका. माझ्या गाडीत ते घसरणाऱ्या गाडीचं चित्र बर्फात अधूनमधून लुकलुकतं आणि जातं. मी दर वेळी वेग कमी करते. तेही बिघाड समजायचं का?

चाकोरी
नाही ताई, लुकलुकतं म्हणजे सिस्टीम त्या क्षणी काम करते आहे. चाक घसरलं, तिने सांभाळलं. वेग कमी करता ते अगदी बरोबर करता, कारण रस्ता निसरडा असल्याचीच ती खूण आहे. सतत पेटलेला राहिला तर एकतर तुम्ही बटण दाबून बंद केलंय किंवा बिघाड आहे. मात्र इंजिनच्या पिवळ्या दिव्याचं उलटं आहे: सतत असेल तर लवकर दाखवा, लुकलुकत असेल तर लगेच ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. इंजिन मिसफायर होत असतं आणि न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळतं.

आजोळ
मिनियापोलिसहून. मी स्पष्ट लिहिते, राग मानू नका. जमिनीपासून चार-पाच इंच उंचीची गाडी जानेवारीत बाहेर काढायचीच कशाला? नोव्हेंबरमध्ये टाकी भरायची, पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर घालायचं, बॅटरीला मेंटेनर (ती भरलेली ठेवणारा चार्जर) लावायचा, टायरमध्ये थोडी जास्त हवा आणि वरून कापड. एप्रिलमध्ये पहिल्या पावसाने रस्त्यावरचं मीठ धुऊन गेलं की बाहेर. आमच्याकडे हे असंच चालतं, आणि हिवाळ्यासाठी जुनी फोर-व्हील ड्राइव्ह आहे. बर्फ गाडीच्या पोटापेक्षा उंच झाला की चाकं जमिनीला टेकतच नाहीत, मग विंटर टायर घाला नाहीतर सोन्याचे घाला.

मोंट्रियलचा_मावळा
आजोळताई, शेवटचं वाक्य शंभर टक्के मान्य, बाकी नाही. सगळ्यांकडे दोन गाड्या आणि दोन गाड्यांची जागा नसते. कॅनडातल्या आमच्या क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्यानेच लावावे लागतात. त्यामुळे इथे स्पोर्ट्स कार हिवाळ्यात बऱ्याच दिसतात आणि व्यवस्थित चालतात. चांगल्या विंटर टायरवरची मागच्या चाकांची गाडी ऑल-सीझन (बारमाही) टायरवरच्या फोर-व्हील ड्राइव्हपेक्षा लवकर थांबते, हे मी रिकाम्या पार्किंगमध्ये मित्राच्या गाडीशेजारी स्वतः बघितलंय. फोर-व्हील ड्राइव्ह निघायला मदत करतो. थांबायला चारच टायर सगळ्यांकडे.

अडकल्यावरचं एक सांगतो. ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण दाबून ते बंद करा, दुसऱ्या गिअरवर, क्लच हळू सोडत झोका घ्या. चालू ठेवलं तर ते इंजिनची ताकदच कापतं आणि गाडी हलत नाही. बाहेर पडलात की लगेच पुन्हा चालू. आणि चाकं जास्त फिरवू नका. खालचा बर्फ वितळून काच होते, त्यापेक्षा फावडं घेऊन पोटाखालचा बर्फ काढणं लवकर होतं.

आजोळ
थांबण्याचं मान्य. पण मिठाचं काय? खालून गंजते ना गाडी. ते दुःख टायर बदलून जात नाही.

मोंट्रियलचा_मावळा
गंज खरा. त्यासाठी इथे दर शरद ऋतूत खालून तेलाचा फवारा मारून घेतात. वास महिनाभर राहतो, बायको नाक मुरडते, पण गाडी टिकते.

इसारकाठ
म्युनिकहून थोडी भर. विंटर टायर म्हणजे फक्त खोल खाचा असा आपल्याकडे समज आहे. खरा फरक रबरात आहे. समर टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं, आणि स्पोर्ट्स कारसोबत येणारे जे अति-पकड असलेले समर टायर असतात ते कडाक्याच्या थंडीत नुसते हलवले तरी त्यांच्या खाचांच्या कडांना चिरा जाऊ शकतात. काही टायर कंपन्या तर उणे ७ च्या खाली ते वापरू नका, गाडी हलवूही नका असं लिहूनच देतात. असे टायर घालून गॅरेजमध्ये झोपलेली गाडी जानेवारीत 'जरा चक्कर मारून आणू' म्हणून काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

जर्मनीत तारखांचा कायदा नाही, परिस्थितीचा आहे. रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा पाण्याचा गोठलेला थर असेल तर हिवाळी टायर हवेतच, नसतील तर ६० युरो दंड आणि लायसन्सच्या नोंदीत एक पॉइंट. १ ऑक्टोबर २०२४ पासून टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचं चिन्ह असेल तरच तो हिवाळी धरतात, नुसतं 'एम प्लस एस' (मड अँड स्नो) हे जुनं चिन्ह चालत नाही. खाचांची कायदेशीर मर्यादा १.६ मिलिमीटर असली तरी इथल्या मोटार क्लबचा सल्ला ४ मिलिमीटरला बदलण्याचा आहे, आणि तो मला पटतो.

लोहारकाम
शिकागोजवळ माझं छोटं वर्कशॉप आहे. मेकॅनिकच्या बाजूने लिहितो.

सह्यकडा भाऊ, तुमचं रीडर खोटं बोलत नाही. स्वस्त रीडर फक्त पी ने सुरू होणारे, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचे कोड वाचतं. अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या गाड्यांत रीडर जोडायचं पोर्ट आहे, पण सक्ती धुराशी संबंधित कोडची. एबीएसचे कोड सी ने सुरू होतात, ते वाचायला एबीएस मॉड्यूलशी (कंट्रोल युनिटशी) बोलणारं स्कॅनर लागतं. अनेक गाड्यांत सी००३५ म्हणजे डावं पुढचं चाक, सी००४० उजवं पुढचं, सी००४५ डावं मागचं, सी००५० उजवं मागचं. बऱ्याच ऑटो पार्टच्या दुकानांत स्कॅनर भाड्याने मिळतं.

एक हात जोडून विनंती, सगळ्यांनाच. कोड वाचल्याशिवाय पुसू नका. आणि बॅटरीची वायर काढून 'रीसेट' करू नका. गिऱ्हाईक येतं तेव्हा दिवा बंद, कोड गायब, आणि मला सांगतं 'काल होता'. मग मी चारही चाकं उघडून शोधत बसतो आणि त्याचं बिल वाढतं.

सेन्सरचा कोड आला म्हणून लगेच सेन्सरही बदलू नका. आधी वायर बघा, मग कनेक्टरमध्ये मिठाची हिरवी बुरशी आहे का बघा, मग कडं. मीठवाल्या राज्यांत जुन्या गाड्यांची लोखंडी दातेरी कडी गंजून फुगतात, चिरतात, आणि मग हळू वेगात थांबता थांबता एबीएस उगाच गुरगुरतं.

घाटमाथा
पुण्याहून. स्पोर्ट्स कार नाही, साधी हॅचबॅक आहे, पण प्रश्न जवळचा म्हणून इथेच विचारतो. फेब्रुवारीत मनालीहून अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सूला जायचा विचार आहे. टायर महाराष्ट्रातले नेहमीचे. आपल्याकडे २०१९ पासून सगळ्या नव्या कारना एबीएस आहेच, तर त्यावर भागेल का? आणि असे दिवे लागले तर तिथे कोण बघणार?

चाकोरी
घाटमाथा, एबीएस पकड निर्माण करत नाही, असलेली पकड वापरू देतं. सैल बर्फावर तर एबीएसमुळे थांबायचं अंतर उलट वाढू शकतं, कारण लॉक झालेलं चाक पुढे बर्फाचा बांध रचतं आणि एबीएस तो रचू देत नाही. बदल्यात तुम्हाला स्टिअरिंग मिळतं, म्हणून ते हवंच. पण आपल्याकडच्या नेहमीच्या टायरवर ताज्या बर्फात शिरू नका. मनालीला चेन (टायरभोवती बांधायच्या साखळ्या) भाड्याने मिळतात, त्या ज्या चाकांना ताकद जाते त्यांना लावायच्या, तुमच्या हॅचबॅकला पुढच्या. रस्ता काळा दिसला की काढायच्या, नाहीतर तुटून कमान फाडतात. बोगदा ९ किलोमीटरचा, आत कोरडा, उत्तरेच्या तोंडातून बाहेर पडताच एकदम बर्फ. तिथेच लोक सरकतात. बोगद्यातला वेग बाहेर नेऊ नका.

इसारकाठ
आणि पोलीस फोर-बाय-फोरशिवाय सोडत नसतील तर त्यांच्याशी वाद न घालता स्थानिक टॅक्सी करा. तो माणूस रोज त्या बर्फात असतो.

घाटमाथा
धन्यवाद दोघांना. टॅक्सीच करतो, आईबाबा सोबत आहेत.

निवांत
टायरच्या हवेच्या दिव्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. टायरमध्ये नायट्रोजन भरा, थंडीत प्रेशर उतरत नाही. मी कायम तोच भरतो.

मोंट्रियलचा_मावळा
निवांतराव, नायट्रोजनही उतरतो की. हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. वायू थंड झाला की दाब कमी होणार, त्याला नाव विचारत नाहीत. कोरड्या नायट्रोजनमध्ये बाष्प नसतं आणि तो टायरमधून थोडा सावकाश झिरपतो, एवढाच फायदा. फुकट मिळत असेल तर जरूर भरा, पैसे देऊन नको.

चाकोरी
हिशोबच मांडू. दर ५.५ अंशांना साधारण एक पीएसआय (टायरच्या हवेचा दाब मोजायचं एकक). सह्यकडांनी टायर गरम गॅरेजात २० अंशांना ३२ पीएसआय भरले असतील तर उणे ११ ला ते सव्वीस-सत्तावीस दाखवणार. शिवाय टायर महिन्याला पीएसआयभर आपोआप सोडतोच. अमेरिकी नियमाप्रमाणे ठरवलेल्या दाबाच्या २५ टक्के खाली गेलं की दिवा लागायला हवा, म्हणजे ३२ वाल्या गाडीत २४ ला. म्हणून पहिल्या कडाक्याच्या सकाळी अख्ख्या मिशिगनचे दिवे एकदम लागतात. उपाय सोपा: टायर थंड असताना, बाहेरच्याच तापमानात, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा.

हा दिवा गाडी चालू केल्यावर मिनिटभर लुकलुकून मग स्थिर होत असेल तर मात्र हवेचा प्रश्न नाही, सेन्सरचा आहे. विंटर रिममध्ये सेन्सर बसवलेच नसतील तर हमखास असं होतं.

सह्यकडा
माझा लुकलुकत नाही, सरळ पेटतो. आत्ता गेजने मोजलं: २३, २४, २३, २४. सगळे सारखे, म्हणजे पंक्चर नाही. भरून घेतो.

ऑफिसच्या खालच्या मजल्यावर हीटिंग असलेलं पार्किंग आहे, सिक्युरिटीच्या काकांना विचारून आज रात्री गाडी तिथे ठेवतोय. डाव्या मागच्या चाकात हात घातला तर रिमच्या आत काळा बर्फ पार घट्ट, पेव्हर ब्लॉकसारखा, बोटाने खरवडत नाही. स्क्रूड्रायव्हर वापरू का?

लोहारकाम
अजिबात नको! आतच सेन्सरची वायर आणि ब्रेकचा होज आहे. उकळतं पाणीही नको, ब्रेकची डिस्क तापलेली असो की गोठलेली, अचानक फरक तिला मानवत नाही आणि ते पाणी रात्री पुन्हा गोठतं. वितळू द्या. उरलेलं लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या काठीने.

आणि उद्या पुढचा बंपर बघा. खालची जाळी बर्फाने बुजली असेल तर रेडिएटरला हवा मिळत नाही. बाहेर उणे ११ असूनही इंजिनच्या तापमानाचा काटा चढलेली गाडी माझ्याकडे टो होऊन आलेली आहे. पोटाखालचं प्लॅस्टिकचं कव्हर ढिगात फाटलंय का तेही बघा, लोंबत असेल तर हायवेवर उडतं. एअर फिल्टर खाली असेल तर उघडून बघा, भुकटी बर्फ आत ओढला जाऊन फिल्टर ओला होतो आणि मग इंजिनचा दिवा लागतो.

विदर्भकन्या
बॅटरीचाही मुद्दा घ्या ना. आमच्याकडे मागच्या हिवाळ्यात सकाळी चावी फिरवली की डॅशबोर्डवर दिवाळी. स्टिअरिंग, एअरबॅग, एबीएस, सगळंच. कोणी म्हणे मॉड्यूल गेलं, कोणी म्हणे वायरिंग. शेवटी एका जुन्या मेकॅनिकने बॅटरी मोजली, बदलली, सगळं शांत.

चाकोरी
फार महत्त्वाचं लिहिलंत. थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि त्याच वेळी घट्ट झालेलं तेल फिरवायला स्टार्टरला जास्त ताकद लागते. स्टार्ट करताना व्होल्टेज फार खाली गेलं की मॉड्यूल अर्धवट जागे होतात आणि एकमेकांच्या तक्रारी नोंदवतात. भरलेली, विसावलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. काही गाड्यांत मग स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर आपलं शून्य विसरतो आणि स्टॅबिलिटीचा दिवा लागतो. गाडी उभी ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं आणि थोडं सरळ चालवलं की अनेक गाड्यांत तो जातो.

कोकणकर
डॅशबोर्डवर दिवाळी! आता धाग्याला फराळ हवा. ओल्या काजूची उसळ माझ्याकडून, पण इथे येऊन खावी लागेल.

आजोळ
काजूच्या उसळीसाठी मी माझी झाकलेली गाडीसुद्धा काढेन.

सह्यकडा
मंडळी, अपडेट.

रात्रीत गाडीखाली तळं साचलं. हवा भरल्यावर टायरचा दिवा गेला. बंपरवरचं रडारचं काळं पॅनेल मऊ कापडाने पुसलं, संदेश गेला. थरथर पूर्ण बंद, ७० पर्यंत जाऊन बघितलं. खालची जाळी मोकळी केली. पोटाखालचं कव्हर शाबूत आहे.

राहिले एबीएस आणि ट्रॅक्शन. एबीएस वाचणारं स्कॅनर भाड्याने आणलं. कोड एकच, सी००४५, डावं मागचं. म्हणजे जिथे तो काळा दगड होता तेच चाक. लाइव्ह आकडे लावून मित्राला शेजारी बसवलं आणि पार्किंगमध्ये हळू फिरलो. तीन चाकं एका वेगात, चौथं मध्येच शून्य, मध्येच बरोबर. खड्ड्यावरून गेलं की हमखास शून्य.

मग चाक काढलं. वायर धरून ठेवणारी प्लॅस्टिकची क्लिप तुटून लोंबत होती. वायर ताणली जाऊन कनेक्टर अर्धा बाहेर आला होता आणि त्याच्या आत पाणी. लोहारकाम भाऊंनी लिहिलेली हिरवी बुरशी नुकती कुठे धरायला लागली होती. कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ केलं, वाळवलं, कनेक्टर 'टक' होईपर्यंत बसवला. वायर पूर्वीच्या वाटेने, स्प्रिंगपासून लांब, तात्पुरती झिप-टायने बांधली. नवी क्लिप मागवली आहे. कोडचा फोटो काढून मग पुसला. पार्किंगमधून बाहेर पडून गल्लीच्या टोकापर्यंत जाईतो दोन्ही दिवे गेले ते गेलेच. नंतर मोकळ्या निसरड्या जागेत मुद्दाम जोरात ब्रेक मारून बघितला, पायाखाली एबीएसची थरथर नीट आली.

म्हणजे चार सूचनांची कारणं तीन: थंडीने उतरलेली हवा, रडारवरचा बर्फ, आणि एका तुटलेल्या क्लिपमुळे दोन दिवे. डीलरची तारीख रद्द करत नाही, खालून एकदा नीट बघून घेतो. सगळ्यांचे मनापासून आभार.

लोहारकाम
झकास काम! एकच: झिप-टाय लावल्यावर वायरला चाक पूर्ण खाली लोंबेल एवढी ढील आहे ना? मागचं सस्पेन्शन खाली गेलं की वायर आणखी ताणते. जॅकवर असतानाच बघायचं.

सह्यकडा
हो, जॅकवर चाक लोंबत असतानाच बांधली. ढील आहे.

इसारकाठ
सुंदर. कोड पुसण्याआधी फोटो काढलात हे विशेष आवडलं.

विदर्भकन्या
आता धुण्याबद्दल सांगा कोणी. उणे तापमानात मीठ धुवायचं कसं? धुतली की दारं गोठतात, नाही धुतली की गंज.

मोंट्रियलचा_मावळा
तापमान शून्याच्या आसपास किंवा वर जाईल तो दिवस गाठा. खालून फवारे मारणारं, ब्रश नसलेलं ऑटोमॅटिक वॉश घ्या. बाहेर पडल्यावर दारांची रबरं कोरड्या फडक्याने पुसा, वर सिलिकॉनचा हात मारा, कुलपातलं पाणी हवेने उडवा. मग निदान पंधरा-वीस मिनिटं चालवा, मधूनमधून हलका ब्रेक दाबत, म्हणजे डिस्क वाळतात.

चाकोरी
आणि त्या रात्री हँडब्रेक ओढू नका. ओले पॅड किंवा केबल गोठली की सकाळी मागची चाकं सुटत नाहीत. सपाट जागा बघून मॅन्युअल गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, उतार असेल तर चाकाला उटी (दगड किंवा ठोकळा) लावा. हाताने प्रेशर वॉशर मारत असाल तर नोझल चाकांच्या आत सेन्सर-कनेक्टरवर रोखू नका, हातभर लांबून, तिरकं.

विदर्भकन्या
शनिवारी २ अंश दाखवतंय. त्याच दिवशी नेते. रबरांना स्वयंपाकघरातलं तेल चालेल का, सिलिकॉन घरात नाही?

लोहारकाम
नको ताई, खाण्याच्या तेलाने रबर चिकट होतं. सिलिकॉनचा छोटा स्प्रे कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळेल, फडक्यावर मारून मग रबरावर फिरवा, काचेवर उडू देऊ नका.